शेपटी नेमकी कुठून निघते? मुलांच्या ‘अद्भुत प्राणी’ लेखन-कार्यशाळेचा एका आईचा अनुभव

आमचं गिरगावात ड्रेस भाड्याने द्यायचं दुकान आहे. शाळेचं गॅदरिंग, फॅन्सी ड्रेस, सोसायटीतली नाटुकली, गणपतीतला चलत-देखावा, सगळ्यांना लागेल ते आमच्याकडे मिळतं. गरुड, जटायू, मारुती, शूर्पणखा, वाघोबा आणि गेली काही वर्षं युनिकॉर्न, अशी सगळी मंडळी हँगरवर शेजारी शेजारी लटकलेली असतात. त्यामुळे ‘मुलांना काल्पनिक प्राणी घडवून त्यावर गोष्ट लिहायला शिकवू’ अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर आली तेव्हा मला आधी हसूच आलं. माझ्याकडे सीझनला रोज एखादी आई येते, “काहीतरी वेगळं द्या ना, फँटसी टाइप” म्हणते आणि शेवटी परीचे पंख घेऊन जाते.

लेकीने हट्ट धरला म्हणून नाव घातलं. आता सगळं आटोपल्यावर लिहिते आहे, कारण आमच्या शाळेच्या ग्रुपवर तीन-चार जणींनी विचारलंय, पाठवावं का? संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. दोन-तीन तरुण पोरांचा उद्योग आहे, खाली तक्रारीही आहेत, आणि उगाच कुणाचं दुकान बसवायची मला हौस नाही. शिवाय अशा कार्यशाळा आता दर सुट्टीत निघतात. हे वाचून कुठल्याही कार्यशाळेत काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

व्यवहाराचं आधी उरकते. मे महिन्यातले रविवार, दादरला एका वाचनालयाच्या वरचा हॉल, वय नऊ ते बारा, फी बत्तीसशे. त्यात वही, खाऊ आणि फोर्टमधली एक फेरी. शिकवणं मराठीत. मात्र मुलं निम्मी इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे वर्गात चालते ती आपली नेहमीची मुंबईची मिसळ. हॉलला पंखे आहेत, हवा नाही. पालकांना पहिल्या दिवशी मागे बसू देतात. मी पुढच्या वेळीही बसले, मला कुणी उठवलं नाही.

शिकवणारी ताई तिशीची असेल. पहिल्या तासाला तिने मुलांना नुसतं “एक प्राणी काढा” म्हणून सोडून दिलं. झालं! वीस मिनिटांत फळ्यावर अख्खं प्राणिसंग्रहालय. सगळ्यांना पंख, सगळ्यांना शिंग, सगळे आग ओकतात आणि अर्ध्याहून जास्त इंद्रधनुषी. आमच्या बाईसाहेबांनी ड्रॅगन काढला होता, त्याला मांजराचे कान. ताईने एकालाही वाईट म्हटलं नाही. एकेकाला जवळ बोलावून ती एवढंच विचारत गेली: हा झोपतो कसा? पाठीवर पंख आहेत ना, मग पोटावर झोपतो का? खातो काय? ते रोज मिळतं का? पावसाळ्यात कुठे जातो? आणि शेवटी, याला काय जमत नाही?

इथे मी मागच्या बाकावर सावरून बसले. कारण हे माझ्या धंद्यातलं ज्ञान आहे आणि ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. पंख लावलेलं पोर खुर्चीला टेकून बसू शकत नाही. विंगेच्या दारातून आडवं जावं लागतं. गरुडाच्या पंखांना आम्ही आत बकरम आणि वेताची कांब घालतो, मग ते दिसतात झकास. पण त्या पोराला तासभर आधी तयार करून उभं केलं की ते रडकुंडीला येतं. शेपटीचंही तसंच. बायका म्हणतात, लावा एक शेपटी. अहो पण कुठे लावू? कमरेच्या इलॅस्टिकला लावली तर पँट खाली येते, झग्याला लावली तर झगा मागे ओढला जाऊन गळ्याला काचतो. शेपटी घ्यायची तर आतून पट्टा बांधावा लागतो आणि मग पोराची चालच बदलते. म्हणजे एक अवयव वाढवला की सबंध अंगाचा हिशेब नव्याने मांडायला लागतो. ताई गोष्टीबद्दल नेमकं हेच सांगत होती, फक्त सुई-दोरा न वापरता.

मग तिने जुने प्राणी बाहेर काढले. मला वाटलं होतं, आता परदेशातल्या ड्रॅगनांची रांग लागेल. तिने सुरुवात केली ती नवगुंजरापासून. ओडिशातल्या सारळा दासांनी पंधराव्या शतकात ओडिया भाषेत महाभारत रचलं, त्यातला हा प्राणी. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी नाग, तीन पाय तीन वेगवेगळ्या जनावरांचे, आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात. त्या हातात कमळ. अर्जुन त्याला पाहतो, धनुष्य उचलतो, बाण सोडणार इतक्यात त्याची नजर त्या हाताकडे जाते आणि तो धनुष्य खाली ठेवतो, कारण हे जनावर नव्हे, साक्षात भगवंताचं रूप आहे हे त्याला उमगतं. ताई मुलांना म्हणाली, आठ प्राणी एकत्र करणं कुणालाही जमेल, गोष्ट त्या हातापाशी सुरू होते. मी मनातल्या मनात तो ड्रेस शिवायला घेतला आणि वशिंडापाशी अडकले.

दुसरा मोठा भाग नरसिंहाचा होता आणि माझ्या मते या कार्यशाळेतला सगळ्यात चांगला तास तोच. गोष्ट सगळ्या मुलांना पाठ. हिरण्यकशिपूला वर मिळाला, ना माणसाकडून मरण ना जनावराकडून, ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, ना जमिनीवर ना आकाशात, ना शस्त्राने. आणि नरसिंहाने उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला, मांडीवर घेऊन, नखांनी काम तमाम केलं. ताईने मुलांच्या जोड्या लावल्या. एकाने राक्षसाला वर द्यायचा, जितक्या अटी सुचतील तितक्या घालायच्या. दुसऱ्याने त्यातून पळवाट काढायची. हॉल नुसता दणाणला. एका पोराने अट घातली, याला ना चालू मोबाइलने मारता येईल ना बंद मोबाइलने. समोरची मुलगी दोन मिनिटं छताकडे बघत बसली आणि मग म्हणाली, “मोबाइल चालू होत असताना! ते गोल गोल फिरतं ना, तेव्हा!” ताईने टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. गोष्टीतली अडचण आणि सुटका एकाच नियमातून कशी निघते हे दहा वर्षांच्या पोरांना याहून सोप्या रीतीने कुणी शिकवून दाखवावं.

त्याच ओघात तिने पुढची गंमत सांगितली. शैवांच्या पुराणांत या खवळलेल्या नरसिंहाला आवरायला शिव शरभाचं रूप घेतात. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर जो सिंहासारखा प्राणी कोरलेला असतो, कधी पंजात हत्ती धरलेला, तो हाच शरभ. जंजिऱ्याच्या दरवाजावर आहे. मग वैष्णव गप्प बसतात होय? त्यांच्याकडे शरभाला भारी पडणारा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आला. तोच पुढे म्हैसूरच्या राजचिन्हात गेला आणि आज कर्नाटक सरकारच्या मुद्रेवर आहे. मुलांना हे फारच पटलं. मधल्या सुट्टीतली भांडणं त्यांना रोजच पाठ असतात: तुझा मोठा तर माझा त्याच्याहून मोठा. गंडभेरुंडाला कोण हरवेल यावर नंतर चकल्या खाताना जोरात चर्चा चालू होती.

युनिकॉर्नबद्दल मला स्वतःला नवं काही कळलं. माझ्याकडे तो गुलाबी हेडबँड आणि चंदेरी शिंग, एवढ्यावर भागतो आणि भाडं चांगलं येतं. ताईने सांगितलं की इराणच्या दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीकाने ख्रिस्तापूर्वी सुमारे चारशे वर्षं लिहून ठेवलं की हिंदुस्थानात एकशिंगी रानगाढव असतं, शिंग मुळाशी पांढरं, मधे काळं, टोकाला लालभडक. म्हणजे गोऱ्यांचा युनिकॉर्न मूळचा आपल्याकडचा, तोही गाढव! आणि त्याच्याही आधी, मोहेंजोदडो-हडप्पाच्या मुद्रांवर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्राणी एकशिंगीच आहे, त्याच्यासमोर कसलंसं उभं पात्र ठेवलेलं. त्या पात्रात काय असेल ते लिहा, असा गृहपाठ दिला. आमच्या घरी त्यात पियुष भरण्यात आलं. मी आता दुकानात तिरंगी शिंग करून ठेवलंय, बघू कोण नेतं.

एक चित्र तिच्या सहकाऱ्याने, मुलं त्याला दादा म्हणायची, न सांगता दाखवलं. मोठी कवटी, कपाळाच्या मधोमध एक भलं मोठं भोक. काय आहे? एक डोळ्याचा राक्षस, सगळे ओरडले. दादा म्हणाला, हत्ती. ते भोक सोंडेचं, डोळ्यांच्या खोबणी बाजूला असतात आणि पटकन दिसत नाहीत. भूमध्य समुद्रातल्या सिसिलीसारख्या बेटांवर एके काळी बुटके हत्ती होते. त्यांच्या कवट्या गुहांत सापडल्या म्हणून एकाक्ष राक्षसाची कथा निघाली असेल, अशी कल्पना ऑथेनिओ आबेल या अभ्यासकाने १९१४ मध्ये मांडली. सगळेच ती मानतात असं नाही, हेही दादाने सांगितलं, ते मला आवडलं. मुलांना आपण ठोकून सांगतो आणि मग तीही ठोकूनच लिहितात. उलटही त्याने सांगितलं: ऑस्ट्रेलियातून प्लॅटिपसचं कातडं इंग्लंडला पोचलं तेव्हा, १७९९ च्या सुमाराला, तज्ज्ञांना शंका आली की कुणीतरी बदकाची चोच शिवून लावली आहे. टाके शोधायला लागले बिचारे. मीही तेच केलं असतं.

आता आपल्याकडची भुतं. इथे माझी पहिली तक्रार. जाहिरातीत वय नऊ ते बारा लिहिलंय, पण प्रत्यक्षात दोन अगदी लहान मुलं घेतली होती, एक तर पहिलीतलं. भाऊ आहे म्हणून, असं कळलं. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो, हे ऐकल्यावर ते पहिलीतलं पोर जे बिथरलं ते आईला फोन लावेपर्यंत शांत होईना. फीसाठी वयाची अट सैल करायची असेल तर मग मुंजा, हडळ, गिऱ्हा पुढच्या तासाला ठेवा. मोठ्या मुलांना मात्र हा भाग सोन्यासारखा होता. कोकणातला देवचार गावाची राखण करतो, त्याला मान द्यावा लागतो, हे ऐकून एकीने विचारलं की आमच्या बिल्डिंगचा वॉचमन पण असाच आहे का.

चकव्यावर तर कहर झाला. चकव्याला तोंड नसतं, हात नसतात. तो तुम्हाला फक्त त्याच त्याच जागी फिरवत ठेवतो. ताई म्हणाली, म्हणजे प्राणी न काढता नुसती जागा लिहूनही भीती तयार होते. बोरिवलीहून येणाऱ्या एका मुलाने चकवा थेट दादरच्या पुलावर आणला. माणूस सेंट्रलला जायला निघतो आणि दर वेळी वेस्टर्नलाच उतरतो. शेवटी तो चकव्याला ओळखतो कसा? तर प्लॅटफॉर्मच्या नंबरावरून. मग चकवा काय करतो? नंबरच बदलून टाकतो. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने दादरला खरंच नंबर बदलले, सेंट्रलचे प्लॅटफॉर्म आठपासून पुढे मोजायला लागले, तेव्हा मी स्वतः आठवडाभर ठेचकाळत होते. पोराने ते नीट लक्षात ठेवलं होतं. सबंध वर्गातली माझी आवडती गोष्ट ही. लेकीला सांगू नका.

फोर्टमधली फेरी कल्पना म्हणून उत्तम, आखणी म्हणून वाईट. मे महिन्यात सकाळी दहाला सीएसएमटीसमोर मुलांना कोण गोळा करतं? साडेसातला बोलवा, आम्ही येतो की. पाण्याच्या बाटल्या आम्हीच आणलेल्या. एक मुलगी महापालिकेच्या इमारतीच्या सावलीत जाऊन बसली ती उठेचना. शेवटी म्युझियमपर्यंत पोचलो तेव्हा तिथलं तिकीट फीमध्ये नाही हे दारात कळलं. हे आधी लिहायला काय जातं? छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन राजवाड्यातले कोरीव दगड आहेत, ते दाखवायचे होते, पण तोवर पोरांचे डोळे मिटत होते. नुसती एसी मिळाला म्हणून खूश.

सुरुवातीचा तास मात्र फुकट गेला नाही. सीएसएमटीच्या फाटकावर एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसलाय, हे मी जन्मापासून बघतेय. एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. पण वर माथ्याशी भिंतीतून बाहेर झुकलेले ते दगडी प्राणी कशासाठी, हे कधी विचारलं नव्हतं. दादाने सांगितलं, युरोपात अशा प्राण्यांच्या तोंडातून छपराचं पाणी लांब फेकायची रीत होती, म्हणजे भिंत भिजत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने ही इमारत १८७८ मध्ये बांधायला घेतली, दहा वर्षं काम चाललं, आणि नक्षीकामात आपल्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मग त्याने फोनवर आपल्या देवळातलं मकरमुख दाखवलं, गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ते. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, अंग माशाचं. गंगेचं वाहन. तिकडे काय आणि इकडे काय, पाण्याची वाट राखायला जनावरच बसवलंय. लेक तिथे बराच वेळ मान वर करून उभी होती. मला वाटलं ऊन लागलं.

पेरीन नरिमन स्ट्रीटवरच्या मानेकजी शेठ अग्यारीसमोर आम्ही फुटपाथवरूनच बघितलं, आत पारशी नसलेल्यांना जाता येत नाही. १७३३ ची अग्यारी. दाराशी दोन पंखवाले बैल, तोंड माणसाचं, दाढी कुरळी, डोक्यावर मुकुट. हे मूळचे असिरियाचे राखणदार. तिथल्या जुन्या मूर्तींना म्हणे पाच पाय असत. समोरून पाहिलं की दोन पाय जुळवून ठाम उभा, बाजूने पाहिलं की चार पायांनी चालतोय. दादाने खोर्साबादच्या मूर्तीचा फोटो फिरवून फिरवून दाखवला. पाचवा पाय फक्त बघणाऱ्यासाठी! मी हे ऐकून गारच झाले, कारण स्टेजवर आम्हीही हेच करतो. जटायूचा एक पंख प्रेक्षकांकडे असतो तो मोठा करतो, पलीकडचा लहान ठेवतो. कुणाला कळत नाही.

हायकोर्टाचं तेवढं फसलं. तिथे एका खांबावर माकड न्यायाधीश कोरलाय, एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू, आणि दुसरीकडे वकिलाचा गळपट्टा घातलेला कोल्हा. १८७८ मध्ये पुरी झालेली इमारत. कुणा ठेकेदाराने कोर्टात हरल्याचा राग दगडात काढला, अशी दंतकथा सांगतात. मस्त गोष्ट आहे, पण रविवारी आत कोण सोडणार? ओव्हलच्या बाजूला उभं राहून टॅबवर फोटो दाखवला. तो हॉलमध्येही दाखवता आला असता, पंख्याखाली.

आता लेकीची गोष्ट, कारण पैसे वसूल झाले की नाही ते शेवटी त्यावरच ठरणार. मांजराच्या कानांचा ड्रॅगन कधीच मागे पडला. तिचा मकर दादरजवळच्या हिंदमाता चौकाच्या खाली, मोठ्या नाल्यात राहतो. पावसाचं पाणी पिणं हे त्याचं काम. कितीही पिऊ शकतो. मग मुंबई तुंबते का? तर ताईच्या त्या प्रश्नाचं उत्तर तिने शोधलं होतं, याला काय जमत नाही. त्याला खारं पाणी चालत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आली की समुद्र नाल्यातून उलटा आत शिरतो, मकराच्या तोंडात खारट घोट जातो आणि तो तोंड मिटून घेतो. तेवढा वेळ दादर, परळ पाण्यात. ओहोटी लागली की पुन्हा प्यायला लागतो. महापालिकेच्या माणसांना हे ठाऊक आहे, म्हणून ते पेपरात भरतीच्या वेळा छापतात. मी वाचून लेकीच्या बाबांना हाक मारली. भरती आणि पाऊस एकत्र आले की पाणी समुद्रात जाऊ शकत नाही हे खरंच तुंबण्याचं कारण आहे, आणि हिने ते जनावराच्या घशात बसवलं होतं.

पुढे तिला २६ जुलै पाहिजे होता. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट, पण आमच्या घरात दर पावसाळ्यात ती निघतेच. २००५ मध्ये त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. आम्ही गिरगावात बसून विचार करत होतो की उपनगरातली माणसं फोन का उचलत नाहीत. “मग त्या दिवशी मकर कुठे होता?” मी विचारलं. तिने पेन्सिल कानामागे अडकवली आणि म्हणाली, “कुलाब्याला. मामाकडे. सुट्टी होती ना त्याला.” या एका वाक्यासाठी मी बत्तीसशे परत भरायला तयार आहे.

पण इथून पुढे कार्यशाळा ढेपाळली, ते सांगायलाच हवं. प्राणी घडवण्यात सगळे रविवार गेले आणि गोष्ट बांधायला शेवटचा अर्धा तास उरला. प्रसंग कुठून सुरू करायचा, बोलणं कसं लिहायचं, शेवट कुठे थांबवायचा, सगळं घाईघाईत, तेही प्रोजेक्टरवर. अर्ध्या मुलांच्या वहीत झकास प्राणी आहे आणि त्याला करायला काही नाही. एका मुलीने पावट्याच्या शेंगेत राहणारा एवढुसा राखणदार केला होता, त्याचे नियम, त्याचं खाणं, त्याचं झोपणं, सगळं तयार, आणि गोष्ट मात्र ‘एकदा तो फिरायला गेला’ इथे संपली. तिचा चेहरा बघवेना. माझ्या मते भुतांचा आणि फेरीचा वेळ कापून एक पूर्ण रविवार नुसत्या लिहिण्याला द्यायला हवा. ताईला हे मी तोंडावर सांगितलंय. “हो, पालक हेच म्हणतायत,” असं म्हणाली.

वही छान, कागद जाड, पण सोबत दिलेली चित्रांची पुस्तिका म्हणजे काळपट झेरॉक्स. व्याल, म्हणजे देवळांवर कोरलेला सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कुठला आणि कीर्तिमुख कुठलं ते ओळखू येत नाही. कीर्तिमुखाची गोष्ट मुलांना इतकी आवडली होती, शिवाच्या आज्ञेवरून स्वतःलाच खात सुटलेला आणि नुसतं तोंड उरलेला प्राणी, त्याचं एक धड चित्र असू नये? घरी देवघरातल्या प्रभावळीवर आहे म्हणून लेकीला बघायला मिळालं. ज्यांना अंबरनाथ जवळ आहे त्यांनी सरळ तिथल्या शिवमंदिरात न्यावं. १०६० चं देऊळ, बाहेरच्या भिंतींवर पाहावं तिकडे कोरीव काम.

आणि आता माझी खरी चीड. शेवटी मुलांच्या गोष्टींचं पुस्तक छापतात, त्याचे वेगळे साडेचारशे. घेतलं, आजी-आजोबांना दाखवायला. उघडून बघते तर मकराच्या गोष्टीच्या शेवटी, जिथे तो मामाकडून परत येतो आणि घरभर चिखल बघून नुसता “बापरे” म्हणतो, तिथे कुणीतरी दोन ओळी चिकटवलेल्या: म्हणून मित्रांनो, आपण नाल्यात प्लास्टिक टाकू नये. लेकीने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “मकर प्लास्टिक खातो, मी लिहिलं होतं. त्याला आवडतं.” बाकीच्या गोष्टी चाळल्या, बहुतेकांना अशीच शेपटी शिवलेली. दादरच्या चकव्याच्या शेवटी रेल्वेचे नियम पाळा! महिनाभर मुलांना एकेका अवयवाचा जाब विचारायचा आणि छापताना न विचारता हे असं डकवून द्यायचं? मी फोन केला. उत्तर मिळालं, काही शाळा घाऊक प्रती घेतात, त्यांना बोध लागतो. नवीन प्रत मागितली तर आता छापून झालंय. शेवटी मीच त्या दोन ओळींवर पांढरी पट्टी चिकटवली आणि मग ती प्रत आजीकडे गेली.

पाचपैकी साडेतीन देईन. ताईला आणि दादाला वेगळे गुण द्यायचे तर पाच. नऊच्या खालचं मूल पाठवू नका, त्यांनी घेतलं तरी. ज्या मुलाला आधीच लिहायची सवय आहे त्याला इथे भरपूर माल मिळेल. ज्याला लिहायलाच शिकवायचं आहे त्याच्यासाठी ही जागा नाही. फेरीच्या दिवशी टोपी, पाणी, म्युझियमचे पैसे बरोबर द्या. पालकांना मागे बसू देतात का ते विचारा आणि देत असतील तर जरूर बसा. दिवाळीच्या सुट्टीत पुढची तुकडी आहे असं कळतंय. लेक जाणार, ते तिने परस्पर ठरवून टाकलंय. फी मी भरेन. पुस्तकाचे साडेचारशे मात्र छापायला जाण्याआधी तिच्या गोष्टीचं प्रूफ हातात पडल्यावरच.